ठळकमधला ळ

‘ठळक’ हा शब्द ठळक अक्षरात, अगदी अरुंद जागेत काढून बघा. गेलं दीड वर्ष मी तेच करते आहे. ठ जमतो. क थोडा हट्ट करतो, पण जमतो. मधला ळ काही केल्या बसत नाही.

मी फाँट बनवते. सध्या हातात आहे तो देवनागरीचा एक जाड, अरुंद, उंच दिसणारा फाँट. मथळ्यांसाठी, पोस्टरसाठी, मुखपृष्ठासाठी, दुरून वाचायच्या चार-दोन शब्दांसाठी. पानभर मजकूर यात कुणी लावू नये. तो त्याचा स्वभावच नाही. त्याचं काम डोळ्यांत भरण्याचं. या जातीच्या अक्षरांना सगळे ‘बोल्ड कंडेन्स्ड’ म्हणतात, मीही म्हणते. पण एकटी काम करत असले की मनात शब्द येतो तो ‘आवळलेलं’. मोळी आवळावी तसं. मोळी आवळली म्हणून काटक्या बारीक होत नाहीत, त्यांच्यामधली हवा तेवढी जाते. माझं सगळं काम त्या हवेशी आहे.

बऱ्याच जणांना वाटतं, अरुंद अक्षर म्हणजे साधंच अक्षर दोन्ही बाजूंनी दाबलेलं. संगणकावर ते करताही येतं. आडवं माप शंभरवरून साठ टक्क्यांवर आणलं की झालं. असा दाबलेला मथळा मला लांबूनही ओळखू येतो, आणि दर वेळी वाईट वाटतं. का, ते सांगते. समजा, मूळ अक्षरात काना शंभर एकक जाड आहे आणि शिरोरेषाही शंभर. आडवं दाबलं की काना साठ होतो. शिरोरेषेची जाडी उभ्या दिशेत मोजायची असते, त्यामुळे तिला धक्काही लागत नाही. ती शंभरच राहते. डोक्यावर तुळई आणि खाली काटकुळे पाय, असं ते अक्षर दिसायला लागतं. गोलाईत आणखी पंचाईत. ठच्या पोटाची रेघ वरून खाली येताना बारीक, तळाशी वळताना जाड, पुन्हा वर जाताना बारीक. ही जाडी-बारीकी कुठल्याही हातानं, कुठल्याही बोरूनं कधी काढलेली नसते. वाचणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण खटकतं.

खरं म्हणजे हवं उलट. उभी रेघ आणि आडवी रेघ मापानं सारखी काढली तरी डोळ्याला आडवी जाड वाटते. म्हणून ठळक अक्षरात शिरोरेषा कान्याहून बारीकच ठेवावी लागते. माझ्या फाँटमध्ये काना १५० एकक आहे आणि शिरोरेषा ११२. (अक्षर ज्या चौकटीत बसतं तिची उंची आम्ही हजार एकक धरतो, पुढचे आकडेही त्याच हिशेबातले.) असं अक्षर दाबून मिळत नाही. ते पहिल्या रेघेपासून वेगळं काढावं लागतं.

मी सुरुवात पपासून केली. प हे शहाणं अक्षर आहे. डावीकडे एक उभी रेघ, उजवीकडे काना, मधे एकच फट. डावी रेघ १३८, फट ८४, काना १५०. एकूण रुंदी ३७२. मग दोन प शेजारी ठेवायचे आणि त्यांच्यामधली फट किती ठेवायची ते बघत बसायचं. आतली फट आणि बाहेरची फट यांचं एकमेकींशी जमलं की ओळीला लय येते. बाहेरची फार मोठी झाली की शब्द सुटा सुटा होतो, फार लहान झाली की दोन अक्षरांचं मिळून तिसरंच काहीतरी दिसायला लागतं. माझी ६४ वर स्थिरावली, त्यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी काळ्याकडे बघणं सोडून दिलं. काळं आपोआप दिसतं. मी नुसत्या पांढऱ्या फटी बघत होते.

या अक्षरांचा जन्मच जागेच्या भांडणातून झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेत छापील जाहिराती वाढल्या, तोवर छापखान्यातली अक्षरं होती ती पुस्तकांसाठी. आता भिंतीवरून, रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील अशी अक्षरं हवी होती. एवढे मोठे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, शिशाच्या मिश्रधातूत ओतायचे तर ते जड, महाग, आणि थंड होताना त्यांचा पृष्ठभाग सपाट राहीना. मधे खोलगट व्हायचा. न्यू यॉर्कच्या डेरियस वेल्सनं १८२७ मध्ये लाकडी अक्षरं यंत्रानं कोरायची सोय काढली आणि पुढच्याच वर्षी त्यांची नमुनावही छापली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थनं त्या यंत्राला पँटोग्राफ जोडला. म्हणजे एका नमुन्यावरून लहान-मोठी कितीही अक्षरं कोरता यायला लागली. मेपलच्या लाकडाच्या आडव्या छेदावर ही अक्षरं कापत. मग एकेका अक्षराच्या रुंद, अरुंद, अतिअरुंद अशा आवृत्त्या निघाल्या.

खिळे जुळवून ओळी लावणारे जुळारी या आवृत्त्या कशा वापरत ते मला फार आवडतं. पोस्टरची ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत भरायची, हा नियम. शब्द दोन अक्षरांचा असेल तर रुंद खिळे, बारा अक्षरांचा असेल तर अरुंद. उंची तीच. म्हणून त्या काळच्या पोस्टरवर दर ओळीला अक्षराची चण वेगळी दिसते. त्यामागे आधी आखलेली सजावट नसायची. ओळ भरायची आणि हाताशी असलेले खिळे वापरायचे, एवढंच. तरी त्या पोस्टरांकडे बघताना असं वाटतं की शब्द आपापल्या आवाजात बोलताहेत.

१९०३ मध्ये मॉरिस फुलर बेंटननं ‘अमेरिकन टाईप फाउंडर्स’साठी ‘ऑल्टर्नेट गॉथिक’ काढला, तो तीन रुंदींत. एकाच अक्षराच्या तीन चणी, कॉलमात मथळा बसेना तर पुढची घ्या. शंभर वर्षांनंतर, २००९ मध्ये, त्याच्याच आधारानं ‘लीग गॉथिक’ निघाला. तो फुकट आणि खुला होता, त्यामुळे पडद्यावर सगळीकडे पसरला. आणि ‘इम्पॅक्ट’ तर वाचणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेला आहे, नाव माहीत नसेल इतकंच. फोटोवर वर-खाली काळ्या किनारीची पांढरी जाड अक्षरं टाकलेली विनोदी चित्रं फिरतात ना, त्यातला तो. जेफ्री ली यांनी १९६५ मध्ये इंग्लंडच्या स्टीफन्सन ब्लेक या फाउंड्रीसाठी, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्यासाठी, तो काढला, चक्क धातूच्या खिळ्यांसाठी. दिलेल्या मापात कागदावर जास्तीत जास्त शाई उतरवायची, हा त्यांचा विचार होता. पुढे विंडोजबरोबर तो घरोघरी पोचला.

जास्तीत जास्त शाई, हे मला सुरुवातीला अगदी पटलं होतं. देवनागरीचा ‘इम्पॅक्ट’ करू, अशाच ईर्षेनं मी बसले. सहा महिन्यांत लक्षात आलं की रोमन लिपीत जे चालतं ते इथे तसंच्या तसं चालत नाही, आणि याचं कारण माझ्या हातात नाही, लिपीत आहे.

रोमन मोठ्या लिपीतला, म्हणजे कॅपिटलमधला, मथळा बघा. सगळी अक्षरं एकाच उंचीची. वर काही जात नाही, खाली काही लोंबत नाही. दोन ओळी विटांसारख्या एकीवर एक रचता येतात, मधे बोटभरही जागा न ठेवता. ठळक अरुंद अक्षराचं निम्मं बळ त्या रचणीत आहे. आपल्याकडे मात्र प्रत्येक ओळ तीन मजल्यांची. मधे अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि पाय मोडलेली अक्षरं. अक्षर उंच आणि आवळलेलं केलं की वरचा आणि खालचा मजला चेपायला लागतो, नाहीतर ओळी एकमेकींपासून इतक्या दूर जातात की मथळ्याचा ठोसाच निघून जातो.

रोमनमध्ये आणखी एक सवलत असते. अरुंद अक्षरं फार दाटली तर अक्षरा-अक्षरांत थोडं अंतर वाढवा, शब्द मोकळा होतो. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. दात पडलेल्या कंगव्यासारखा शब्द होतो. एका शिरोरेषेखाली अक्षरं हात धरून उभी असतात, त्यांना लांब करता येत नाही. त्यामुळे जी काही हवा द्यायची ती अक्षराच्या पोटात आणि त्या ६४ एककांतच.

माझ्या या फाँटच्या कच्च्या आवृत्तीवर एक छोटी पुस्तिका निघाली होती. नाव होतं ‘फुलांचे रंग’. दोन ओळींत, वर ‘फुलांचे’, खाली ‘रंग’. मीच लावलं होतं. ओळी अगदी चिकटून, विटांसारख्या, कारण मला तेच दिसायला हवं होतं. छापून आलं तेव्हा वरच्या फुचा उकार खाली येऊन नेमका रच्या डोक्यावर टेकला होता आणि अनुस्वार त्या उकाराच्या काळ्यात बुडून गेला होता. ‘फुलांचे रग.’ मी पडद्यावर पन्नास वेळा पाहिलं होतं. मला शब्द माहीत होता, म्हणून मला अनुस्वार दिसत होता. ज्याला शब्द माहीत नाही त्याला काय दिसेल, हे मी बघितलंच नव्हतं. पुस्तिका परत घेता येणार नव्हती. ती अजून माझ्या टेबलावर असते.

त्यानंतर मी अनुस्वार मोठा केला आणि चौकोनी केला. गोल टिंब काळ्याला चिकटलं की त्यात विरघळतं, चौकोनाचे कोपरे तरी उरतात. उकार चपटा केला आणि डावीकडे सरकवला. वरच्या मजल्याची कमाल उंची ठरवून टाकली, कितीही वेलांटी-रफार-अनुस्वार एकावर एक आले तरी त्याच्या पुढे जायचं नाही. ‘कीर्ती’, ‘मूर्ती’, ‘दर्शनार्थीं’ असे शब्द समोर ठेवून वरचं सगळं त्या मापात कोंबायचं. कोंबायचं म्हणजे पुन्हा तेच: वेलांटी आणि रफार यांच्यामधली हवा राखायची.

जवळजवळ सारखा दिसणारा जोडीदार ज्यांना आहे, त्या अक्षरांचं वेगळंच. घ आणि ध, भ आणि म, व आणि ब, प आणि ष. यांच्यातला फरक एखाद्या तुटलेल्या शिरोरेषेचा किंवा पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. बारीक अक्षरात हे फरक ऐसपैस बसतात. ठळक-अरुंदमध्ये भच्या शिरोरेषेतली तूट तीस-चाळीस एककांची राहिली की वीस पावलांवरून तो म होतो. मग ‘भाऊ’चा ‘माऊ’ होतो. बच्या पोटातली रेघ कान्याइतकी जाड ठेवली तर पोट बुजून नुसता काळा ठोकळा उरतो. ती रेघ मी ५८ वर आणली, म्हणजे कान्याच्या निम्म्याहूनही कमी. एकटी बघितली तर ती त्या अक्षरात परकी वाटते. शब्दात बघितली तर कळतही नाही.

रेघा जिथे मिळतात तिथे शाई साचते. म्हणून त्या कोपऱ्यात थोडं खोदून ठेवायचं, छापताना शाईनं ते भरून निघतं. मॅथ्यू कार्टर यांनी १९७८ च्या ‘बेल सेंटेनियल’मध्ये, टेलिफोन डिरेक्टरीच्या अगदी बारीक अक्षरांत, हे इतकं खोल केलं आहे की ती अक्षरं मोठी करून बघितली तर उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतात. डिरेक्टरीच्या पानावर ती अगदी स्वच्छ वाचता येत. ती युक्ती लहान मापासाठी होती, माझी अक्षरं वीतभर उंच छापायची आहेत. तरी मी ती वापरते. शाई साचण्याच्या भीतीनं नव्हे. दोन जाड रेघा मिळतात तिथे डोळ्यातच एक काळा डाग साचतो, त्यासाठी.

आता ळ.

तपासणीसाठी शब्द लिहीत होते तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि हात थांबला. या धंद्यातले जवळजवळ सगळे शब्द ळवर येऊन थांबतात. ओळ. मथळा. खिळा. जुळणी. जुळारी. अक्षराच्या पोटातल्या जागेला म्हणावं तर पोकळी. अक्षराचा ढंग तो वळण. काळं. ठळक. आणि मी जे करत होते ते आवळणं. मराठीत अक्षरांविषयी बोलायचं म्हटलं तर ळशिवाय तोंड उघडता येत नाही, आणि माझ्या फाँटमधलं तेच एक अक्षर लंगडं होतं.

ळची अडचण त्याच्या अंगातच आहे. शिरोरेषेपासून एक मान खाली येते आणि तिला डाव्या-उजव्या बाजूंना दोन पोटं. आडवं पडलेलं अनंताचं चिन्ह दोरीला टांगावं तसं. हे अक्षर पसरायला जन्मलेलं आहे. उभ्या रेघा मोजायच्या तर तीन, पांढऱ्या फटी दोन. पच्या हिशेबानं काढलं तर तीन दीडशे म्हणजे ४५०, अधिक दोन चौऱ्याऐंशी, ६१८ होतात. ३७२ च्या पशेजारी ६१८ चा ळ म्हणजे बाकावर आडवा झोपलेला माणूस.

आधी मी तो पच्याच रुंदीत बसवला. रेघा ९२, फटी ४८. ‘ठळक’ लिहिलं. ठ आणि क काळेभोर, मधे ळ फिकट, आजारातून उठल्यासारखा. शब्दाच्या मधोमध उजेड पडला होता. मग रेघा ११८ केल्या आणि दोन्ही पोटं उभट, लांबट चौकोनी केली, म्हणजे फटी पच्या फटीसारख्या सरळ दिसतील. एकटा ळ फार देखणा झाला. मी कागदावर मोठा छापून भिंतीला लावला. मैत्रीण आली होती, ती दारातूनच म्हणाली, “अगं, ठकक म्हणजे काय?”

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. खरंच ठकक होतं. पोटं उभी केल्यावर मधल्या रेघेचा काना झाला होता. डावीकडे पोट, मधे दंड, उजवीकडे पोट. म्हणजे क. आणि शेजारी खराखुरा क उभा असल्यामुळे डोळा दोघांना भाऊ समजत होता.

तिसरा प्रयत्न, डावं पोट वर आणि उजवं खाली, तिरकं. रुंदी वाचली, क होण्याचा धोकाही गेला. ‘ळ’ म्हणून त्यात एक छान गिरकी होती. पण ‘ओळ’ लिहिलं तर ओळ घरंगळल्यासारखी दिसे, आणि ‘बाळ’मध्ये तर तोल गेल्यासारखा. मथळ्याचं अक्षर ताठ हवं. तो टाकून दिला. त्या गिरकीचा मोह मात्र मला बरेच दिवस सुटला नव्हता.

मग एक दिवस संगणक बंद केला आणि जाड बोरूनं ळ गिरवत बसले. शंभर-दीडशे काढले असतील. हात सांगत होता ते असं की क उभा असतो आणि ळ लोंबतो. कचा दंड जमिनीपर्यंत जातो. ळचं काहीच जमिनीपर्यंत जात नाही, दोन पोटं तळाशी गोल होतात आणि त्यांच्यामधे खालून एक खाच वर शिरते. ती खाच म्हणजे ळ. मी रुंदीशी झगडत होते, आणि माझ्या लांबट पोटांनी ती खाच केव्हाच बुजवून टाकली होती. मग खालून वर १४० एकक खोल खाच कापली. मधली रेघ सलग दंड होऊच दिली नाही, वरची मान आणि खालची खाच यांच्यामधे फक्त दोन पोटांचा सांधा ठेवला, १२६ चा. बाहेरच्या रेघा ११८. फटी ६२. एकूण ४८६. पच्या सव्वापटीहून जरा जास्त. आधी मी चारशेच्या पुढे जाऊच देत नव्हते. आता वाटतं, क चांगला ५२६ चा आहे आणि त्याला मी कधी टोकलं नाही, मग ळवरच एवढा राग का?

हे उत्तर फाँटवाल्याचं आहे, एवढं सांगितलं पाहिजे. कमल शेडग्यांसारखा अक्षरकार नाटकाच्या जाहिरातीसाठी एकच नाव काढत असे. ते नाव, तेवढी जागा, ती अक्षरं, त्याच क्रमानं. त्यात ळ कचं बोट धरू शकतो, शिरोरेषा सोडून खाली उतरू शकतो, शेजाऱ्याच्या पोटाखाली सरकू शकतो. वर्तमानपत्राच्या अरुंद जागेत त्यांनी ज्या जाड अक्षरांना नाटकाचा चेहरा दिला, त्यातली कित्येक अक्षरं दुसऱ्या कुठल्या शब्दात ठेवली तर उघडी पडतील. फाँटला ती मुभा नाही. माझ्या ळच्या शेजारी उद्या कोण येऊन उभं राहणार, मला माहीत नाही. त्यानं कुणाशीही नीट वागलं पाहिजे. अक्षरलेखनाचं मोठेपण मी मानते, त्याच्यापुढे माझं काम रुक्ष आहे हेही मानते; पण जो माणूस रात्री अकरा वाजता पहिल्या पानाचा मथळा लावतो आहे त्याच्याजवळ अक्षरकार बसलेला नसतो. त्याच्याजवळ फाँट असतो.

देवनागरीत अशा अक्षरांची कमतरता पूर्वी फार होती. २०१४ मध्ये इंडियन टाईप फाउंड्रीचे ‘टेको’ आणि ‘खंड’ आले आणि कुणालाही फुकट घेता येतील असे नीट काढलेले आटोपशीर देवनागरी फाँट हातात आले. टेकोची गोलाई चौकोनाकडे झुकलेली, खंडाची पोटं मोकळी. २०१६ मध्ये व्हेरिएबल फाँट जाहीर झाले. एकाच फाइलमध्ये जाडी आणि रुंदी हव्या त्या मापावर सरकवता येते. ‘एक टाईप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘अनेक’ २०२२ मध्ये आला, त्यात रुंदी ७५ पासून १२५ पर्यंत सरकते, आणि भारतीय लिप्यांबरोबर रोमनही त्याच चणीत आहे. लाकडी खिळ्यांच्या जुळाऱ्याला जे खण बदलून करावं लागे ते आता एका पट्टीवर बोट सरकवून होतं. पट्टीच्या दोन्ही टोकांना कुणीतरी अक्षर हातानं काढलेलंच असतं, मधलं तेवढं गणितानं येतं. ७५ चा ळ आणि १२५ चा ळ या दोन वेगळ्या मेहनती आहेत.

मराठीचा लही असाच. आपला ल पाकळ्यांचा, दोन पाकळ्या आडव्या पसरलेल्या. हिंदीत चालतो तो दंडाचा. दंडाचा ल आवळायला सोपा, म्हणून अरुंद फाँटमध्ये तोच ठेवून द्यायचा मोह होतो. श तसाच, देठाचा आणि शेंडीचा. फाँटमध्ये दोन्ही ठेवता येतात आणि मजकूर मराठी आहे असं कळवलं की मराठी वळणाचा ल-श आपोआप यावा अशी तजवीज करता येते. ती मी केली आहे. तरी पुष्कळ ठिकाणी भाषा कळवलीच जात नाही आणि दंडाचा ल उमटतो. म्हणून मी माझ्या फाँटमध्ये पाकळीचा ल मूळ ठेवला आणि दंडाचा पर्यायी. हा माझा हट्ट आहे आणि तो मी सोडणार नाही.

वापराबद्दल दोनच गोष्टी सांगते, कारण बाकीच्या वापरणाऱ्याला आपोआप कळतात. पहिली, हे अक्षर लहान करू नये. लहान मापात ६२ एककांची फट पडद्यावर एका ठिपक्याएवढी होते, मग अर्धा ठिपका, मग राखाडी. दुसरी, काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवायची असतील तर एक पायरी कमी जाडी घ्यावी. उजेड पसरतो, काळ्या जमिनीवरचं पांढरं अक्षर डोळ्यात फुगतं आणि पोटातल्या काळ्या फटी गिळून टाकतं. यापलीकडे, पुस्तकाच्या कण्यावर, चिंचोळ्या कॉलमात, फोनच्या पडद्यावर अंगठ्याएवढ्या चित्रात, लांबलचक नावं लिहायच्या फलकावर, जिथे उंची आहे आणि रुंदी नाही तिथे याला ठेवा. ते सुखानं राहील.

परवा भिंतीवर नवा कागद लावला. ओळ, मथळा, खिळा, पोकळी, वळण, आणि सगळ्यांत वर ठळक. मैत्रीण पुन्हा आली होती. तिला काही विचारलं नाही. ती कागदाजवळून गेली, पाणी प्यायली, खुर्चीत बसली, आणि दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायला लागली. शब्द तिला दिसले होते, अक्षरं दिसली नव्हती. मला तेवढंच हवं होतं.

ती गेल्यावर मी पुढचा शब्द लिहायला घेतला, ‘डोळ्यांत’. ळला दंड नाही, म्हणून त्याला अर्धा करता येत नाही. ळ पुरा ठेवून त्याला आखूड य जोडायचा, त्यावर काना, त्यावर अनुस्वार. तीन रेघा ळच्या, दोन यच्या, एक कान्याची. सगळ्या १५० च्या धरल्या तर नुसत्या काळ्याचे ९०० होतात, पांढरं अजून मोजलेलंच नाही. ळची उजवी रेघ आणि यची डावी रेघ एकच करता येते का, ते आज बघते आहे.